घरात मावेल एवढा सण

मराठी घरात दिवाळीचे दिवस सहा, फराळाचे पदार्थ आठ आणि ओटा एक. गिरगाव-परळच्या चाळींत तर ओटाही नव्हता, पण हात होते. एका घरी करंज्यांचा घाट घातला की मजल्यावरच्या पाच-सहा बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिथे जमायच्या. एक लाटायची, दुसरी सारण भरायची, तिसरी कातणीने कड कापायची आणि झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं काम पोरांकडे असायचं. दुसऱ्या दिवशी हीच मंडळी पुढच्या खोलीत. एकेका घरात आठ पदार्थ होत होते हे खरं, पण एकटीच्या हाताने होत नव्हते.

१९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत यातली पुष्कळ कुटुंबं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला राहायला आली. जागा वाढली, नळ घरात आला, दाराला लॅच बसलं. मरोळची एमआयडीसी, १९७३ साली उभं राहिलेलं सीप्झ, पलीकडे फोर्टातली ऑफिसं यांत घरातल्या बायकाही कामाला लागल्या. फराळाची यादी मात्र चाळीतलीच राहिली. साडेसातची लोकल पकडून साडेआठला घरी पोचणारी बाई रात्री अकराला बेसन भाजायला घेते, आणि तिच्याकडून आठ पदार्थांची अपेक्षा करणाऱ्यांत बहुतेकदा ती स्वतःच पहिली असते.

सण आटोपशीर करायचा म्हटलं की ‘म्हणजे आता परंपराच सोडायची का?’ असा प्रश्न येतो. आपलं पंचांग नीट पाहिलं तर तो प्रश्नच उलटा आहे. संक्रांतीला तिळगूळ, चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची वाटली डाळ आणि पन्हं, होळीला पुरणपोळी, गणपतीला मोदक, कोजागरीला आटवलेलं दूध. एकेका सणाला एखाद-दुसराच मुख्य पदार्थ. देण्याघेण्याचंही तसंच. दसऱ्याला आपट्याचं पान, संक्रांतीला चमचाभर हलवा, भाऊबीजेला ताटात पडणारी ओवाळणी. भेट लहान, पण ती द्यायला माणसाने स्वतः दारात जायचं. काटकसर आणि आपुलकी दोन्ही मुळातच होती. सगळे पदार्थ एकाच आठवड्यात कोंबणं आणि भेटवस्तू कुरिअरवाल्याच्या हवाली करणं, या दोन्ही गोष्टी अलीकडच्या आहेत.

फराळ टिकतो कशामुळे

अन्न नासवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना जगायला पाणी लागतं. दिवाळीचा फराळ म्हणजे पाणी काढून घेतलेल्या अन्नाची यादी आहे. चकली, शेव, कडबोळी यांतलं पाणी तळताना वाफ होऊन उडतं. चिवड्याचे पातळ पोहे मुळातच कोरडे, त्यात ते उन्हात ठेवून किंवा मंद आचेवर परतून आणखी कोरडे होतात. बेसनाच्या लाडवात पाण्याचा थेंब पडत नाही. पाकातल्या लाडवात पाणी असतं, पण त्याला साखर धरून ठेवते, बुरशीच्या हाती लागू देत नाही. म्हणून हे पदार्थ दोन-तीन आठवडे सहज राहतात. फ्रिज नसलेल्या काळात, पाहुणा कधीही येईल अशा घरासाठी ही सोय होती.

यादीतली नाजूक मंडळी दोन. ओल्या नारळाचा रव्याचा लाडू चार-पाच दिवसांचा सोबती. करंजीतल्या सुक्या खोबऱ्यात पाणी नसलं तरी तेल भरपूर असतं. त्या तेलाचा हवेशी संबंध येत राहिला की खोबरं खवट होतं. म्हणून करंजी शेवटी करायची आणि आधी संपवायची. परदेशातल्या मुलांना डबा पाठवताना चिवडा, शंकरपाळे आणि चकली आधी भरायची ती याचसाठी.

मुंबईत तिसरा शत्रू म्हणजे हवा. पाऊस गेला तरी ऑक्टोबरची दमट हवा तळणीला सादळवते. डबा घट्ट हवाच, पण पदार्थ पुरता गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. गरम चकलीची वाफ डब्यातच अडकते, झाकणाला पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी घरभर चर्चा होते की यंदा भाजणी बिघडली.

या माहितीचा पहिला उपयोग असा की सगळं एका आठवड्यात करण्याची गरज नाही. शंकरपाळे पंधरा दिवस आधीच्या रविवारी, चिवडा पुढच्या शनिवारी, लाडू त्यानंतर. दुसरा उपयोग समजायला एक पदार्थ जवळून पाहू.

एका चकलीची गोष्ट

चकलीची भाजणी म्हणजे तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं ही मंडळी वेगवेगळी भाजून एकत्र दळलेली. भाजल्याने धान्यातली ओल जाते आणि खमंगपणा येतो. पीठ भिजवण्याआधी त्यात कडकडीत तेलाचं मोहन घालतात. तेल पिठाच्या कणांभोवती बसतं आणि त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, त्यामुळे चकली खुसखुशीत होते. मोहन कमी पडलं तर चकली दाताला लागते. जास्त झालं तर कणांना एकमेकांचा आधारच उरत नाही आणि चकली तेलात विरघळते, म्हणजे सोऱ्यातून नीट पडलेली चकली कढईत पोचल्यावर तिचे तुकडे गोळा करत बसावं लागतं.

पुढचा खेळ आचेचा. तेल फार तापलेलं असलं तर वरून लगेच तांबूस रंग येतो, आत मात्र पाणी राहतं. ते पाणी डब्यात गेल्यावर बाहेर येतं आणि चकली मऊ पडते. तेल पुरेसं तापलं नसलं तर चकली तेल पीत बसते. मध्यम आच धरायची आणि रंगापेक्षा बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं. चकली टाकल्यावर तेलात उसळणारे बुडबुडे म्हणजे आतल्या पाण्याची बाहेर पडणारी वाफ. बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी संपलं, चकली झाली. जाणत्या बायका ‘फेस बसला की काढ’ म्हणतात, त्यात एवढं शास्त्र आहे.

हे सगळं जमायला दोन-तीन घाणे बिघडावेच लागतात. पहिल्या घाण्यानंतर मोहन की आच ते कळतं, दुसऱ्याला सुधारतं, तिसऱ्यापासून हात बसतो. आठ पदार्थ करायचे म्हणजे हा हात बसवण्याचा खटाटोप आठ वेळा. शिवाय प्रत्येक पदार्थाची मांडामांड वेगळी: इथे सोऱ्या, तिथे पोळपाट, इथे पाक, तिथे तळण, आणि प्रत्येकानंतर ओटा पुसणं. वेळ खरा तिथे जातो. अर्ध्या किलोच्या जागी दोन किलो भाजणीच्या चकल्या करायला चौपट वेळ लागत नाही. म्हणून चार घरांनी आठ-आठ पदार्थ थोडे थोडे करण्यापेक्षा प्रत्येक घराने दोनच पदार्थ भरपूर करावेत आणि वाटून घ्यावेत. चाळीतल्या बायका जे हातांनी करत होत्या ते उपनगरातल्या सोसायटीत डब्यांनी करता येतं.

वाटणी जमायची तर एक पथ्य पाळावं लागतं. सामान एकत्र आणावं किंवा ठरवून आणावं, म्हणजे कोणी महागाचं तूप आणि कोणी स्वस्तातला रवा अशी कुजबुज होत नाही. एकत्र खरेदीची मुंबईला जुनी सवय आहे. नायगावात १९४८ साली कामगारांच्या सहकारातून अपना बाजार सुरू झाला आणि पुढे उपनगरांत पोचला. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ केले. संघाने महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र यायचा आणि सभासदांनी तो आपापसांत वाटून न्यायचा. रवा, बेसन, साखर, पोहे यांच्यासाठी हीच रीत चार घरांपुरती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

विकतचा फराळ आणि अपराधाची भावना

उरलेले पदार्थ विकत आणावेत. इथे अनेक घरांत चेहरे पडतात. आजीच्या पिढीत विकतचा फराळ म्हणजे आळशीपणा होता, आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही.

खरं तर घरगुती अन्न विकणाऱ्या बायकांच्या कष्टांवर ही मुंबई पोसली आहे. गिरणगावात गिरणी कामगारांना डबे आणि जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या हजारोंनी होत्या. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत झालं. आज मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत फराळाच्या ऑर्डर घेणारी एखादी तरी काकू असते. तिच्याकडून अनारसे घेतले तर आपला पैसा दुसऱ्या एका घरच्या ओट्यावर जातो. आणि अनारशांचा प्रकार असा आहे की तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, निथळून दळायचे, गूळ किंवा साखर घालून पीठ मुरवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर जाळी पडेल की अनारसा हसेल हे आधी सांगता येत नाही. हे काम जिचा हात बसला आहे तिनेच करावं.

ऑर्डर देताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. कोजागरीच्या सुमाराला नाव नोंदवावं, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नव्हे. तळणीला कोणतं तेल आणि लाडवाला तूप की वनस्पती, हे विचारायला संकोच नको. पहिल्यांदा पाव किलो घेऊन चव पाहावी. अन्न विकणाऱ्याला, मग तो घरगुती असला तरी, एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक असतो. तो पाकिटावर असला तर उत्तम. नसला तर मोडता घालण्याऐवजी नोंदणी करून घेण्याची आठवण द्यावी, शेजारधर्म म्हणून.

सणाचं साधं जेवण

दिवाळीच्या दिवसांत जेवणाचा बेत फराळापेक्षा जास्त दमवतो. सकाळी फराळ, दुपारी पुरी-श्रीखंड, संध्याकाळी पाहुणे, दुसऱ्या दिवशी बासुंदी. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना वरण-भात हवा असतो आणि तो मागायची कोणाची छाती होत नाही.

साध्या बेताचा उत्तम दाखला कोकणात आणि गोव्यात आहे, आणि बोरिवली-मुलुंडच्या असंख्य घरांचं मूळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातच आहे. तिथे नरकचतुर्दशीचा दिवस पोह्यांचा. भाताचं नवं पीक नुकतंच घरात येतं, त्याचे पोहे कांडले जातात. पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि मग पोहे. दुधातले गोड पोहे, ताकातले पोहे, गूळ-खोबऱ्याचे पोहे, नारळाच्या रसातले पोहे, फोडणीचे बटाटे पोहे. गोव्यात याला फोव म्हणतात आणि शेजारीपाजारी एकमेकांकडे फोव खायला जातात. पदार्थ अनेक दिसले तरी मूळ जिन्नस एकच, तळण नाही, आणि तासाभरात सगळं तयार. याला कोणी गरिबी म्हटलेलं नाही, तो तिथला सण आहे.

उपनगरात हे जसंच्या तसं जमतं. नरकचतुर्दशीच्या सकाळी तीन प्रकारचे पोहे आणि सोबत घरचा जो एक फराळाचा पदार्थ असेल तो. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी नैवेद्यापुरतं गोड, बाकी रोजचं जेवण. भाऊबीजेला माणसं जास्त असतात, तिथे मसालेभात, कढी, काकडीची कोशिंबीर, पापड आणि एक गोड. मसालेभात एका पातेल्यात वीस जणांचा होतो आणि त्यात भाजीही येते. पुऱ्या हव्यातच असं ज्याला वाटतं त्याने तळायला उभं राहावं, हा नियम केला की पुऱ्यांची मागणी आपोआप आटोक्यात येते.

भाऊबीजेचा प्रवासही या बेतात धरायला हवा. पूर्वी अंधेरीच्या भावाला घाटकोपरच्या बहिणीकडे जायचं तर साकीनाक्याच्या कोंडीत बसमध्ये तास-दीड तास उभं राहावं लागे, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलावी लागे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, साधारण वीस मिनिटं. बोरिवली-दहिसरकडच्या दोन मेट्रो मार्गांचा पहिला टप्पा २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ते अंधेरीपर्यंत येऊन या मार्गाला जोडले गेले. आता बोरिवलीचा भाऊ सकाळी निघून घाटकोपरला ओवाळून घेतो आणि पुढे लोकलने मुलुंडच्या धाकटीकडे दुपारच्या जेवणाला पोचतो. दोन्हीकडे पूर्ण जेवणाचा आग्रह मात्र त्याच्या पोटाला झेपत नाही. बहिणींनी आधी फोनवर ठरवून घ्यावं: एकीकडे फराळ आणि चहा, दुसरीकडे जेवण. पुढच्या वर्षी उलट.

भेट कोणाला आणि कोणती

दिवाळीत सोसायटीत एक सुक्या मेव्याचा डबा फिरत असतो. तो वर्मांकडून कुलकर्ण्यांकडे येतो, कुलकर्णी तो न उघडता शहांना देतात, शहा ऑफिसात देतात. कोणीतरी शेवटी उघडतो तेव्हा काजू खवट निघतात. मिठाईच्या डब्याला तर एवढं फिरायलाही सवड नसते. खव्यात आणि छेन्यात पाणी असतं, त्यामुळे पेढे-बर्फीचं आयुष्य काही दिवसांचं आणि रसमलाईसारख्या मिठाईचं त्याहून कमी. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं दुकानदारांना बंधनकारक आहे. पाटी दिसली नाही तर विचारावं. दिवाळीच्या गर्दीत तो प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही, पण ताजा माल त्यालाच मिळतो.

वाचणाऱ्या माणसासाठी मराठीत तयार भेट आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळचे विशेषांक त्यांच्यासमोर होते. साहेबाच्या सणाला अंक निघतो तर आपल्या का नाही, या विचारातून मराठीत शंभराहून जास्त वर्षांची प्रथा पडली. आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. मिठाईच्या एका डब्याच्या पैशांत दोन अंक येतात आणि ते मार्चपर्यंत पुरतात. मात्र अंक माणूस बघून निवडायला हवा. निवृत्त झालेल्या काकांना कथा-लेखांचा, हसऱ्या मावशीला विनोदी, स्वयंपाकाची आवड असणाऱ्या भाच्याला पाककृतींचा. मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ आहे, ते १९७१ पासून निघतं आणि त्याची किंमत आजही खिशाला जड नाही. ज्याला सगळेच अंक वाचायचे असतात त्याला जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना भरून द्यावी. ठरावीक रकमेत काही महिने अंक बदलून नेता येतात, आणि आजोबांना रोज संध्याकाळी घराबाहेर पडायला कारण मिळतं.

ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना काय द्यावं, याचं एक उत्तर पुण्याजवळच्या हिंगण्यातून आलं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेली संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे स्वयंसेवक भाऊबीज निधी जमवतात. ज्या मुली शिकत आहेत त्यांना भावाने घालावी तशी ओवाळणी. पावतीचा कागद बहिणीच्या ताटात ठेवणारे भाऊ आहेत आणि त्याचा अभिमान वाटणाऱ्या बहिणीही आहेत. बहिणीला विचारून हे करावं, नाहीतर साडी वाचवली असा आरोप होतो.

आणि काही भेटींना दुकानच नसतं. आईच्या फोनमधले सगळे फोटो काढून अल्बम करून देणं, आत्याच्या घरची गळकी तोटी बदलून देणं, लहान मूल असलेल्या वहिनीला एक अख्खी दुपार मोकळी करून देणं. ही भेट आधी सांगून, तारीख ठरवून द्यावी. ‘कधीही सांग’ म्हटलं की कोणी सांगत नाही.

पोस्त

कामवाल्या मावशी, वॉचमन, कचरा नेणारा, पेपरवाला यांची दिवाळीची पोस्त हा बहुतेक घरांत शेवटच्या क्षणी आठवणारा विषय. किती द्यायची यावर मजल्यागणिक वेगळं मत. याला एक सरळ माप आहे. बोनसच्या कायद्यातलं किमान प्रमाण ८.३३ टक्के आहे. हा चमत्कारिक आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एक महिना. घरकाम करणाऱ्या बायकांना तो कायदा लागू होत नाही, पण मुंबईत पूर्वापार चालत आलेली ‘एक महिन्याचा पगार’ ही रीत नेमकी त्याच मापाची आहे. ज्या घरात साहेबांना स्वतःचा बोनस एक महिन्याहून कमी आलेला चालत नाही, तिथे मावशींच्या बाबतीत घासाघीस शोभत नाही.

रकमेइतकीच वेळ महत्त्वाची. पोस्त लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिली तर तिचा उपयोग काय? त्यांच्याही घरी मुलांचे कपडे घ्यायचे असतात, रवा-साखर भरायची असते. निदान आठ-दहा दिवस आधी द्यावी. सोबत फराळ द्यायचा तर पहिल्या घाण्यातला द्यावा. मोडलेल्या चकल्या आणि फुटलेले लाडू आपण खावेत.

डिसेंबरचं ताट

मुंबईच्या उपनगरांत ताटांची देवाणघेवाण दिवाळीने संपत नाही. साष्टीचे मूळ रहिवासी असलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती अंधेरीच्या आंबोली, मरोळ, चकाल्याच्या गावठाणांत आणि बोरिवलीच्या पलीकडे गोराईत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांची बोली मराठीचीच. १८८७ साली त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या आणि गोवेकर, मंगळूरकर शेजाऱ्यांच्या नाताळच्या ताटात नेवरी असते, म्हणजे आपली करंजीच. कुलकुल असतात. मैद्याची छोटी गोळी काट्यावर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर दाबत गुंडाळायची, तिला शिंपल्यासारख्या रेघा येतात, मग तळायची. चवीला ती शंकरपाळ्याची चुलत बहीण. आणि कुलकुल करायला आजही घरातली सगळी पोरं-टोरं टेबलाभोवती बसवतात, कारण एकट्याने ते संपत नाहीत.

घाटकोपरमध्ये हेच ताट गुजराती शेजाऱ्यांकडून मठिया, चोळाफळी आणि घुघरे घेऊन येतं. घुघरा ही पुन्हा करंजीच. तीन भाषा आणि दोन धर्मांच्या शेजाऱ्यांनी एकच पदार्थ एकमेकांना पाठवायचा, यात हिशेबाने बघितलं तर काही अर्थ नाही. पण सारण प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि दाराची बेल वाजते. शेजाऱ्याकडून आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही हा जुना नियम इथे फार कामाचा आहे. काही नसलं तर साखर घालावी, चार फळं ठेवावीत. घाईने काही तळायला घेऊ नये, नाहीतर देवाणघेवाणीची स्पर्धा होते आणि पुढच्या वर्षी दोघंही दार लावून बसतात.

कोजागरीची बैठक

हे सगळं ठरवायची योग्य वेळ कोजागरी. आश्विन पौर्णिमेला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असतं, सगळे जमलेले असतात, आणि आश्विन अमावास्येच्या लक्ष्मीपूजनाला अजून पंधरवडा असतो. दूध व्हायला तासभर लागतो, तेवढ्यात चार घरांची वाटणी सहज होते. कोण कोणते दोन पदार्थ करणार, सामान कोण आणणार, कोणते पदार्थ विकत, कोणाकडून, पोस्त कोणत्या तारखेला. कागदावर लिहावं. भाऊबीजेचं जेवण कोणाकडे आणि फराळ कोणाकडे, तेही त्याच कागदावर.

वगळायचे पदार्थ ठरवताना मात्र मतदान घेऊ नये. ज्याला जे आवडतं ते तो वाचवतो आणि यादी पुन्हा आठवर जाते. घरात फराळ जो करतो, आणि अजूनही बहुतेक घरांत ती करते, त्यानेच काय गाळायचं ते ठरवावं. बाकीच्यांनी एक करावं. दिवाळीच्या सकाळी ताटावर बसल्यावर ‘यंदा चिरोटे नाहीत का?’ असं विचारू नये. चिरोटे हवेच असतील तर पुढच्या कोजागरीला आपलं नाव त्यांच्यासमोर लिहावं.